माझ्या कारकिर्दीत वाढलेलं पर्णक्षेत्र

१ सप्टेंबर

आज वनसंशोधन केंद्राचा कारभार हाती घेतला. खुर्ची चांगली आहे. फक्त आधीच्या संचालकांनी ती इतकी खाली करून ठेवली होती, की बसल्यावर माझे गुडघे हनुवटीला लागले. दारावरच्या पाटीवर 'संचालक'च्या आधी 'प्रभारी' असा शब्द आहे. तो काही करून जायला हवा. मुख्य कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, वर्षभरात केंद्राचा आकडा चढला तर कायम, घसरला तर परत हिशेब शाखेत. उभा जन्म हिशेब शाखेत गेला. आता पुन्हा तिथे जाऊन त्याच खिडकीशी बसायचं, आणि कालची पोरं 'काय, आलात परत?' म्हणून विचारणार. नको रे बाबा.

आकडा म्हणजे पर्णक्षेत्राचा. आजवर मला पान म्हणजे पान एवढंच ठाऊक. संध्याकाळी सूनबाईला विचारलं. ती याच केंद्रात संशोधक आहे. म्हणजे घरी सून आणि कचेरीत माझ्या हाताखाली. चिरंजीव दुसऱ्या शहरात नोकरीला, महिन्याकाठी एकदा उगवतात. ती म्हणाली, "बाबा, मागच्या उतारावरच्या पाइनांची सगळी पानं, त्या सगळ्या सुया, काढून त्यांच्याच बुडाशी पसरल्या तर जमिनीवर किती थर होतील? तीन थर झाले, तर पर्णक्षेत्र तीन."

"म्हणजे थर जास्त तेवढं जंगल जोमात."

"एका मर्यादेपर्यंत. पुढे वरची पानं खालच्यांचा उजेड खातात, आणि खालची नुसती बसून खातात."

मी म्हटलं, बसून खाणारे प्रत्येक खात्यात असतातच. स्वयंपाकघरात बायको हसली. का हसली ते मी विचारलं नाही.

४ सप्टेंबर

सूनबाईचा प्रस्ताव टेबलावर आला. मागच्या उताराची विरळणी करायची म्हणते. म्हणजे निम्मी झाडं तोडायची.

तिचं म्हणणं असं. उतारावर झाडं लावताना दाटीवाटीने लावली आणि मग कुणी हात लावला नाही. आता प्रत्येक झाड उजेडासाठी वर वर पळतंय. खालच्या फांद्या वाळून गेल्या, डोक्यावर शेंडीएवढीच पानं उरली. तेवढ्या पानांच्या कमाईवर एवढं खोड पोसायचं म्हणजे घरात मिळवता एक आणि खाणारे दहा. खोड पोसून उरलं तर झाड राळ करतं, आणि सालकिडा आला की त्याला राळेत बुडवून मारतं. उरलंच नाही तर किडा साल पोखरतो आणि झाड उभ्या उभ्या मरतं. सालकिडा वसंतात उडतो. म्हणून हिवाळा संपायच्या आत विरळणी हवी.

"आणि आकड्याचं काय?" मी विचारलं.

"पहिली दोन-तीन वर्षं घटेल. मग राहिलेली झाडं अंग धरतील."

घटेल. एवढ्या शहाण्या मुलीला सासऱ्याची नोकरी दिसू नये. पण तो विचार बाजूला ठेवून तत्त्वाचा विचार केला. सुनेचा प्रस्ताव सासऱ्याने मंजूर केला, तर उद्या लोक म्हणतील, आपला तो बाब्या. तेव्हा नात्यागोत्याचा संशय नको म्हणून नामंजूर केला. मन हलकं झालं. निःपक्षपातीपणा आपल्या माणसांपासून सुरू करावा लागतो.

१२ सप्टेंबर

पहाटे मोजमापाला जातीने गेलो. ऊन पडायच्या आत करावं लागतं. तिपाईवर कॅमेरा आभाळाकडे तोंड करून ठेवतात. त्याला माशाच्या डोळ्यासारखं फुगीर भिंग आहे. त्यात चहूबाजूंचं सगळं एका गोल ताटात मावतं. मग यंत्र हिशेब करतं. उजळ ते आभाळ, काळं ते पान. हिशेब म्हटल्यावर मला बरं वाटलं.

बटण दाबायच्या आधी सूनबाई म्हणाली, "सगळ्यांनी खाली बसा," आणि सगळी मंडळी मटकन उकिडवी बसली. एकटा मी उभा.

"बाबा, बसा ना जरा. यंत्र तुम्हाला पान समजेल."

आधीचे संचालक म्हणे चक्क आडवे पडायचे. त्यांची गोष्ट वेगळी. ते कायम होते. प्रभारी माणसाने पहिल्याच पहाटे सगळ्यांदेखत बेडूक व्हायचं, तर दुपारी कोण विचारणार त्याला? मी म्हटलं, "एवढं परदेशी यंत्र, त्याला माणूस आणि पान यातला फरक कळत नसेल तर घ्यावं कशाला?" दव पडत होतं. होयबा माझ्यावर छत्री धरून उभा होता. होयबा म्हणजे आमचा मुख्य कारकून. त्याचं हे नाव मी येण्याआधीपासून आहे, आणि माणूस नावाला जागतो.

सूनबाईने सुस्कारा टाकून बटण दाबलं.

१३ सप्टेंबर

आकडा आला. मागच्या वेळी तीन पूर्णांक एक होता, आज चार. होयबा म्हणाला, "साहेब, पायगुण." मी त्याला गप्प केलं. पण अशा गोष्टी असतात. आमचं लग्न झालं त्या महिन्यात सासऱ्यांचा बंद पडलेला छापखाना पुन्हा सुरू झाला होता. हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तो वीज आली म्हणून सुरू झाला.

२० ऑक्टोबर

महिनाभर लिहिण्यासारखं काही नाही. छपराची डागडुजी, खुर्चीला उंची.

आज हिंडता हिंडता मनात आलं, की मोजमापाच्या वेळी निम्मा कर्मचारीवर्ग गाद्यांत असतो. केंद्राचं सगळ्यात महत्त्वाचं काम आणि चार टाळकी हजर. म्हणून आज्ञा काढली. पुढच्या वेळेपासून सर्वांनी हजर राहायचं आणि सरळ उभं राहायचं. मोजमाप चालू असताना बसणं हा शिस्तभंग समजला जाईल. सूनबाईने आज्ञेचा कागद दोनदा वाचला.

"बाबा, ही आज्ञा तुम्ही मुद्दाम काढली की सहज?"

"शिस्तीत मुद्दाम आणि सहज असं काही नसतं," मी म्हटलं. वाक्य मलाच आवडलं.

२६ ऑक्टोबर

आजच्या इतका अपमान मी हिशेब शाखेतही सोसलेला नाही.

काल मोजमाप झालं. सगळे रांगेत उभे, कॅमेऱ्याभोवती गोल करून, छान दिसत होते. आज होयबाने बातमी आणली, की सूनबाई आपल्या खोलीत बसून चित्रांतून मला पुसतेय. मी जाऊन पाहिलं. खरंच. पडद्यावर ते गोल आभाळ, आणि काठाशी मी उभा होतो तिथे भोक. होयबालाही पुसलं, छत्री पुसली, चौकीदार, ड्रायव्हर, सगळे. मला म्हणते, "माणसं काढून टाकली की आकडा दोन पूर्णांक नऊ येतो. सप्टेंबरात तीन होता, त्याआधी तीन पूर्णांक एक. जंगल वाढलेलं नाही बाबा, गर्दी वाढलीय. खरं तर पानं कमीच होताहेत."

पोटच्या मुलीसारखी वागवली हिला. पहिल्या दिवशी घरात आली तेव्हा स्वतः तिची ट्रंक उचलून वर नेली होती, पाठ धरली होती आठवडाभर. आणि तिने सासऱ्याला पुसावं?

तिथल्या तिथे लेखी आदेश दिला. मूळ चित्रात कोणीही कसलाही फेरफार करायचा नाही. तसं करणं म्हणजे खाडाखोड. हिशेब शाखेत खाडाखोड करणाऱ्याला मी कधी माफ केलं नाही, मग इथे का करीन? न पुसता आकडा आला चार पूर्णांक आठ. तोच पाठवला.

जेवताना सूनबाईने वाढलं मात्र व्यवस्थित.

८ नोव्हेंबर

बायको सकाळी खिडकीतल्या कुंडीतून गाजराची रोपं उपटत होती. बोटबोट वाढलेली, हिरवीगार रोपं. मी म्हटलं, "अगं, जिवंत आहेत ती."

"म्हणूनच. सगळी ठेवली तर सगळी सुतळीएवढी होतील. पानोळा भरघोस आणि खाली गाजर नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरगी काय मागतेय? थोडी झाडं कमी करू दे एवढंच. ऐकायचं होतं तिचं."

म्हणजे फितुरी घरातच झालेली आहे. मी म्हटलं, गाजर वेगळं आणि शासकीय पर्णक्षेत्र वेगळं. ती म्हणाली, "हो, गाजर खाता येतं."

खरं लिहायचं तर, अंघोळ करताना मनात आलं की सूनबाई म्हणते ते खरं असलं तर? पण मग दोन पूर्णांक नऊ खरं मानायचं, म्हणजे माझ्या कारकिर्दीत आकडा घसरला असं होतं. एकदा पाठवलेला आकडा मागे घेतला, तर पाठवणाऱ्याला आकडे कळत नाहीत असा अर्थ निघतो. आणि मला तर आयुष्यात आकडेच तेवढे कळले. पाणी गार झालं तेव्हा बाहेर आलो.

१५ डिसेंबर

मोठे साहेब आले. सोबत त्यांचा लवाजमा: दोन उपसाहेब, चित्रफीत काढणारा, आणि कशासाठी आले ते शेवटपर्यंत न कळलेले दोन गृहस्थ. सगळ्यांना पहाटे उतारावर नेलं. मोठे साहेब नावाप्रमाणेच आहेत. कॅमेऱ्याजवळ उभे राहिले तर मागची तीन झाडं दिसेनात. सूनबाई जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "बाबा, निदान यांना तरी बसवा." मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. मुख्य कचेरीतून आलेल्या माणसाला उकिडवं बसवायचं? वेड लागलंय का?

आकडा सहा. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "झाडंच कापायची असती, तर लाकूडवाल्याला नेमलं असतं, तुम्हाला कशाला? तुम्ही एकही झाड न तोडता दुप्पट केलंत." मग सूनबाईकडे वळून म्हणाले, "शिका यांच्याकडून." ती "हो" म्हणाली. किती नम्रपणे म्हणाली. मला भरून आलं.

२७ जानेवारी

सूनबाई आज रीतसर वेळ मागून माझ्या खोलीत आली. घरात एका ताटलीतली पोळी मोडून खाणारी माणसं आम्ही, पण ती समोर उभी राहिली आणि 'सर' म्हणाली.

"सर, तोडणीवाली टोळी पुढच्या महिन्याच्या शेवटापर्यंत मोकळी आहे. त्यानंतर किडा उडेल. निम्मा उतार नको, एक पट्टा द्या. एक पट्टा विरळ करून दाखवते. जगला तर पुढच्या वर्षी बाकीचं बघा."

"आणि त्या पट्ट्याचा आकडा?"

"तिथे तुम्ही जास्त माणसं उभी करा," ती म्हणाली.

मी हसलो, कारण मला वाटलं ती थट्टा करतेय. ती हसत नव्हती. मग तिने एक गोष्ट सांगितली, ती मात्र मनात राहिली. म्हणाली, पाइनाचं पान चांगलं चार-पाच वर्षं फांदीवर टिकतं. झाड अडचणीत आलं की जुनी पानं आधी टाकतं, आणि यंदा उतारावरच्या झाडांनी टाकायला सुरुवात केलीय. खाली चालताना पाय रुततात. माझा पाय कधी रुतला नाही. पण मी पायवाटेनेच जातो.

प्रस्तावावर 'अभिप्रायासाठी मुख्य कचेरीकडे' असं लिहिलं. नाही म्हणायचं जिवावर आलं, म्हणून असं केलं. तिथून उत्तर यायला उन्हाळा उजाडतो, हे मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक आहे. तिने कागद घेतला आणि दार हलकेच लावून गेली. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१९ मार्च

टोळी गेली. अभिप्राय आलेला नाही.

१० एप्रिल

उतारावरच्या झाडांच्या बुडाशी तांबूस भुसा पडलाय, कुणी सुताराने काम केल्यासारखा. होयबा म्हणाला, "साहेब, झाडं पण साफसफाई करताहेत." सूनबाई खोडाला हात लावून उभी होती. राळेचा एक थेंब नाही कुठे, म्हणाली. तिच्या आवाजाने मला कसंतरी झालं. तापलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवून आई जशी बोलते, तसा आवाज.

संध्याकाळी मी स्वतःहून म्हटलं, आता विरळणी केली तर? ती म्हणाली, "आता काय बाबा. किडा आत गेला." मग उठून माझ्यासाठी चहा टाकला.

२ जून

डोंगर तांबडा पडला. खाली गावातून लोक बघायला येतात आणि फोटो काढतात. 'काय सुंदर रंग आहे' म्हणतात.

आज मोजमाप होतं. माझी इच्छा नव्हती, पण वेळापत्रक मुख्य कचेरीचं. सगळे नेहमीप्रमाणे उभे, आणि डोंगर बघायला आलेले गावकरीही. आकडा आला पाच पूर्णांक आठ. मी दोनदा विचारलं. सूनबाई म्हणाली, "यंत्राला रंग कळत नाही बाबा. मेलेलं पान पण काळंच दिसतं."

"म्हणजे ही सगळी..."

"मेलेली आहेत. सुया अजून लटकताहेत, एवढंच."

मी म्हटलं, पण आकडा चांगला आहे. हे वाक्य तोंडातून गेलं. का गेलं ते माहीत नाही. ती माझ्याकडे रागाने बघेल असं वाटलं, पण तिने कीव केल्यासारखं बघितलं. राग परवडला असता.

३० जून

कायम झालो.

आदेशात लिहिलंय, 'पर्णक्षेत्रात केलेल्या भरीव वाढीबद्दल'. होयबाने पाटीवरचा 'प्रभारी' खरवडून काढला. घाईत 'संचालक'चा 'सं' पण गेला, तो उद्या रंगवणार आहेत. कचेरीत पेढे वाटायचं ठरलं होतं, मी नको म्हटलं. डोकं दुखत होतं.

घरी बायकोला आदेश दाखवला. तिने चष्मा लावून सगळा वाचला, घडी घालून परत दिला. "झालं ना तुमच्या मनासारखं?" म्हणाली. पाठीमागच्या खिडकीचा पडदा तिने गेले काही दिवस ओढूनच ठेवलाय. उतार दिसतो म्हणून.

१४ ऑगस्ट

मुख्य कचेरीचा अभिप्राय आला. जानेवारीतल्या प्रस्तावावर. 'विरळणी अनावश्यक, कारण पर्णक्षेत्र समाधानकारक.' त्याच टपालात दुसरा आदेश: किडा शेजारच्या रानात जाऊ नये म्हणून संपूर्ण उतार तातडीने तोडून टाकावा.

दोन्हींखाली एकच सही आहे. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत बसलो. हिशेब शाखेत असतो तर असली बाब मीच पकडली असती, आणि कुणाची तरी वाढ रोखली असती.

९ सप्टेंबर

तोडणी संपली. आज एकटाच वर गेलो. होयबा छत्री घेऊन निघाला होता, त्याला परत पाठवला.

वास अजून आहे. बुंध्यांवर बसत बसत वर चढलो. सूनबाईने एकदा सांगितलं होतं तसं एका बुंध्याची वर्तुळं बघितली, वर्षाला एक. मधली रुंद, ऐसपैस. बाहेर बाहेर येताना इतकी बारीक की बोटाला लागत नाहीत. शेवटची तर एकमेकांना चिकटलेली. म्हणजे झाडं कधीपासून सांगत होती. पानं होती, उजेड नव्हता. कुणी तरी बाजूला व्हायला हवं होतं.

तिथे बसून रडलो. हे दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, पण लिहून ठेवतो. मी जन्मात एक झाड लावलं नाही, आणि एवढी झाडं घालवली.

१२ सप्टेंबर

उताराची नोंद बंद करण्याआधीचं शेवटचं मोजमाप. फक्त सूनबाई आणि मी. ती काल जेवताना म्हणाली होती, "बाबा, एकच करा. शून्य पाठवा. शून्य असलं तरच नवी रोपं मंजूर होतात. थोडं जरी पर्णक्षेत्र दिसलं तर उताराला जंगल आहे असं धरतात, आणि मग काही मिळत नाही. यंदा विरळ लावीन. हात पसरले तरी पोचणार नाहीत एवढ्या अंतरावर." बोलताना पहिल्यांदा तिचा चेहरा जरा फुलला होता. रोपं कुठली, कुठल्या ओळीत, सगळं ठरवलंय तिने. नाहीतर चिरंजीवांच्या शहरात एक जागा रिकामी आहे, तिथे जाईन म्हणाली. तेही सांगून टाकलं, सरळ.

मी जमिनीवर आडवा झालो. पाठ कण्हली, पण झालो. आभाळ भरून आलं होतं, सगळीकडे एकसारखं पांढरं. तिने बटण दाबलं.

शून्य.

"थँक्यू बाबा," ती म्हणाली, आणि मला हात देऊन उठवलं. कपड्यांवरचा भुसा झटकला. मी सही केली, आकडा पाठवून दिला. बायकोने आज पडदा बाजूला केला.

१ ऑक्टोबर

आकडा परत आला. शेरा: 'शून्य हा आकडा मागील नोंदींशी विसंगत. संचालकांनी समक्ष फेरमोजणी करावी.'

दुपारी मोठ्या साहेबांचा फोन. आवाज गोड होता, त्यामुळे घाबरलो. "अहो, तुम्हाला जूनमध्ये कायम कशावर केलं? पाच पूर्णांक आठवर. आता तीन महिन्यांत शून्य म्हणता. मग एक तर तेव्हाचं चुकलं, नाहीतर आताचं. तेव्हाचं चुकलं असेल, तर मग तो आदेशच मला पुन्हा बघावा लागेल. हिशेब शाखेत तुमची जागा आहेच, तशी. काय ते विचार करा. मी येतोय चार तारखेला, सगळ्यांना घेऊन."

संध्याकाळी सूनबाईने विचारलं, कुणाचा फोन होता. मी म्हटलं, असाच. ती रोपांच्या ओळींचा नकाशा काढत होती. बायको तिला पट्टी धरून मदत करत होती.

४ ऑक्टोबर

सगळे आले. दोन उपसाहेब, चित्रफीतवाला, ते दोन गृहस्थ, आमचा सगळा कर्मचारीवर्ग. बोडक्या उतारावर कॅमेरा मधोमध ठेवला आणि लोक त्याच्याभोवती दाटीवाटीने उभे राहिले. बुंध्यांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून एकमेकांना धरून उभे होते. साहेबांनी मला जवळ बोलावलं, "या, या, तुम्ही मध्ये."

सूनबाई बटणाशी होती. मला वाटलं ती काही बोलेल. बोलली असती तर मी बसलोही असतो कदाचित, देवाशपथ. ती नुसती माझ्याकडे बघत थांबली, जितकं थांबता येईल तितकं. मी साहेबांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. सरळ.

आकडा आला, एक पूर्णांक दोन.

"बघा," मोठे साहेब म्हणाले, "तोडणीनंतरसुद्धा तग धरून आहे. शून्य कसं म्हणता? रोपांची काही गरज नाही इथे." त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग उपसाहेबांनी, मग होयबाने, मग सगळ्यांनी. डोंगरावर दुसरं काही नसल्याने आवाज चांगला घुमला.

सूनबाई तिपाईचे पाय मिटवत होती. तिने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी टाळ्या वाजवत होतो.